दात्याचे वावडे

‘वावडे’ हा आपल्या घरोघरी बोलला जाणारा शब्द आहे. कुणाला वांग्याचे वावडे असते, कुणाला आंबट ताकाचे, आणि कुणाला तर चक्क कामाचे! थट्टेत हा शब्द आपण इतका वापरतो की त्यातला गंभीर अर्थ जवळजवळ पुसून गेला आहे. ‘ॲलर्जी’ हा परका शब्द आता खेड्यापाड्यांत पोचला, पण त्याचीही तीच गत झाली. परीक्षा जवळ आली की अर्ध्या वर्गाला इंग्रजीच्या पेपरची ॲलर्जी होते. वास्तविक व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली हा शब्द घडवला, तो एका गंभीर कोड्यासाठी. एकदा सीरम किंवा लस टोचल्यानंतर दुसऱ्या वेळी काही मुलांचे शरीर वेगळेच का वागते, हे ते कोडे होते. पुढे या शब्दाचा अर्थ विस्तारला. जो पदार्थ शेकडो माणसे सुखाने पचवतात, त्याच पदार्थाला एखाद्याचे शरीर शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. या लढाईत अंगावर गांधी उठतात, ओठ व डोळे सुजतात, उलट्या होतात. आणि क्वचित घसा सुजून श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो व माणूस पाहता पाहता हातचा जातो.

असे हे वावडे एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाऊ शकते काय? ज्याने आयुष्यभर शेंगदाण्याची चटणी खाल्ली, त्याला एके दिवशी दुसऱ्याचे वावडे लागू शकते काय? प्रश्न ऐकायला विचित्र वाटतो. पण त्याचे उत्तर ‘होय’ असे आहे. अवयवाचे प्रत्यारोपण झाले, तर दात्याचे अन्नाचे वावडे त्या अवयवाबरोबर दुसऱ्याच्या शरीरात जाऊ शकते. असे रुग्ण थोडे आहेत. परंतु ते वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. शास्त्राची पुस्तके दहावीनंतर सुटली. हा विषय विज्ञान शाखेच्या भित्तिपत्रकासाठी सोडून दे, असे माझ्या मैत्रिणींनी सुचवून पाहिले. पण जसजसे वाचत गेले, तसतसे मला वाटू लागले की शस्त्रक्रियेचा भाग डॉक्टरांचा असला, तरी या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आपला आहे. तो आपल्या स्वयंपाकघराचा आहे, आपल्या बोलण्याचा आहे, आणि कोणता प्रश्न कोणत्या भाषेत विचारावा याचाही आहे. भाषा शिकणाऱ्यांनी त्यावर बोलायचे नाही, तर कुणी बोलायचे?

प्रथम हकीकत सांगते. फ्रान्समध्ये बावीस वर्षांचा एक तरुण भुईमुगाच्या वावड्याने दगावला. त्याच्या घरच्यांनी अवयवदानास संमती दिली. त्याचे यकृत आणि एक मूत्रपिंड पस्तीस वर्षांच्या एका पुरुषाला बसवण्यात आले. दुसरे मूत्रपिंड व स्वादुपिंड एका स्त्रीला मिळाले. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्या. तीन महिन्यांनी त्या पुरुषाच्या खाण्यात शेंगदाणे आले आणि त्याला तीव्र प्रतिक्रिया आली. यापूर्वी त्याला शेंगदाण्याचा काहीही त्रास नव्हता. त्या स्त्रीला मात्र असे काही झाले नाही. १९९७ साली ही नोंद ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या प्रसिद्ध नियतकालिकात छापून आली.

दुसरी हकीकत ऑस्ट्रेलियातील सिडनीची, २००३ साली प्रसिद्ध झालेली. पंधरा वर्षांचा एक मुलगा शेंगदाण्याच्या वावड्याने गेला. त्याचे यकृत साठ वर्षांच्या एका गृहस्थांना मिळाले. पंचविसाव्या दिवशी त्यांनी काजू खाल्ला आणि त्यांची प्रकृती एकदम गंभीर झाली. तपासणी केली, तेव्हा शेंगदाणा, काजू आणि तीळ या तिन्ही पदार्थांविरुद्ध त्यांचे शरीर सज्ज झालेले आढळले. दात्याच्या रक्तातही याच तिघांविरुद्धचे द्रव्य होते. शेंगदाणा, काजू आणि तीळ! ही यादी वाचताना मला सिडनी आठवेना, संक्रांतीचे ताट आठवले.

हे घडते कसे, ते थोडक्यात पाहू. १९२१ साली ब्रेस्लाउ या तेव्हाच्या जर्मन शहरात कार्ल प्राउसनिट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी एक साधा पण धाडसी प्रयोग केला. क्युस्टनर यांना शिजवलेल्या माशाचे वावडे होते. प्राउसनिट्झ यांना नव्हते. प्राउसनिट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातील सीरम आपल्या स्वतःच्या कातडीत टोचून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. थोड्याच वेळात तिथे लाल गांध उठली. वावडे रक्तातल्या कोणत्या तरी द्रव्यात राहते आणि ते द्रव्य दुसऱ्याच्या अंगात गेले की वावडेही जाते, हे त्या एका गांधीने सिद्ध केले. त्या द्रव्याचा शोध लागायला मात्र आणखी पंचेचाळीस वर्षे जावी लागली. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ साली अमेरिकेत ते वेगळे काढले. आज त्याला ‘आयजीई’ म्हणतात.

परंतु नुसते द्रव्य गेले, तर ते काही आठवड्यांत सरते. कॅनडातील टोरांटो येथे कर्करोगावर उपचार घेणाऱ्या एका आठ वर्षांच्या मुलाला रक्तातील बिंबिका चढवल्यानंतर मासा आणि शेंगदाणा सोसेनासा झाला. पण काही महिन्यांत त्याचे वावडे निघून गेले. ही नोंद २०१५ सालची. अवयवाचे तसे नसते. यकृत हे काही रिकामे भांडे नव्हे. त्यात दात्याच्या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने वस्तीला असतात. शस्त्रक्रियेनंतर नव्या घरी आल्यावरही त्या आपले जुने काम करत राहतात. ज्या पेशींना शेंगदाण्याशी वैर धरण्याची सवय लागलेली आहे, त्या नव्या घरातही वैर धरतात. म्हणूनच नोंदलेल्या रुग्णांत यकृताचे रुग्ण अधिक दिसतात, फुफ्फुसांचेही आहेत. मूत्रपिंड आणि हृदय यांच्याबरोबर वावडे गेल्याचे क्वचितच आढळते. फ्रान्समधल्या त्या स्त्रीला काहीच का झाले नाही, याचे कारणही बहुधा यातच असावे.

यात आणखी एक गोम आहे. परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णाला रोज औषधे घ्यावी लागतात. त्यांतले टॅक्रोलिमस हे औषध १९८४ साली जपानमध्ये त्सुकुबा भागातल्या मातीतील एका जिवाणूपासून मिळाले. या औषधाने असंख्य जीव वाचले. परंतु ते घेणाऱ्या काही रुग्णांत, विशेषतः यकृत बदललेल्या लहान मुलांत, दात्याला वावडे नसतानाही नव्याने अन्नाची वावडी उद्भवलेली दिसली आहेत. म्हणजे प्रत्येक वावडे दात्याकडूनच आले, असेही म्हणता येत नाही. नवा अवयव बसलेल्या माणसाच्या ताटाकडे काही काळ डोळसपणे पाहावे, एवढे मात्र दोन्ही बाजूंनी खरे ठरते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. बुलढाण्यात अवयव बदलण्याच्या गोष्टी कशाला, असे कुणी म्हणेल. पण काळ बदलला आहे. १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी मानवी हृदयाचे प्रत्यारोपण केले, तेव्हा ते एक नवल होते. तो रुग्ण काही तासच जगला. १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला, मेंदूचा मृत्यू हा मृत्यू म्हणून मान्य झाला, आणि मरणोत्तर अवयवदानाचा मार्ग खुला झाला. आज नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या कक्षेत आपला विदर्भ येतो. समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर, सिंदखेड राजाच्या शिवारातून जातो. रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार लागलेली तरुण मुले हे मरणोत्तर दात्यांतले एक मोठे आणि दुःखद प्रमाण आहे. तेव्हा उद्याचा दाता खामगावचा असू शकतो आणि उद्या नवे यकृत घेऊन परतणारा गृहस्थ चिखलीचा असू शकतो.

हा चिखलीचा गृहस्थ घरी आला असे समजा. घरात आनंदीआनंद. औषधांचे डबे फळीवर लागले, उकळलेल्या पाण्याची सोय झाली, पाहुण्यांना दुरूनच भेटा असे सांगण्यात आले. यथावकाश एकादशी आली. ताटात साबुदाण्याची उसळ, तिच्यात मूठभर दाण्याचा कूट. सोबत भगर आणि दाण्याची आमटी. भाकरीबरोबर चटणी शेंगदाण्याची, ठेच्यात शेंगदाणे, चिवड्यात शेंगदाणे, लाडूत शेंगदाणे. आपल्या घरात शेंगदाणा कुठे नाही, ते शोधावे लागेल! या गृहस्थाने पन्नास वर्षे तो खाल्लेला आहे. पहिल्या घासानंतर त्याचा घसा खाजू लागला, अंगावर गांधी आल्या, तर घरातले कोण शेंगदाण्यावर संशय घेईल? औषध उष्ण पडले म्हणतील, दृष्ट लागली म्हणतील, नवा अवयव अंगी लागत नाही म्हणून घाबरतील. शेंगदाण्यावर कुणी बोट ठेवणार नाही, कारण तो घरचाच आहे. खरा धोका इथे आहे. ज्याला जन्मापासून वावडे असते, तो जपून वागायला शिकलेला असतो. ज्याच्याकडे ते दुसऱ्याकडून येते, त्याला आपण जपायला हवे हेच ठाऊक नसते.

हा धोका टाळण्याचा उपाय अगदी साधा आहे. दात्याच्या घरच्यांना विचारायचे आणि मिळालेले उत्तर अवयवाबरोबर पाठवायचे. पण उपाय जितका साधा, तितकीच आपल्या घरातली एक सवय त्याच्या आड येते. आपण वावड्याला आजार मानतच नाही.

माझ्या मामेभावाला लहानपणी तीळ सोसत नसे. दर संक्रांतीला त्याच्या अंगावर गांधी उठत. घरात निदान ठरलेले होते, पित्त खवळले. मग आमसूल चोळायचे आणि पांघरूण घालून निजवायचे. पुढच्या संक्रांतीला तो लाडू नको म्हणाला, तर थोरली माणसे म्हणत, “लय नखरे झाले याचे. सणाचं हाये, खाय गुपचूप!” यात कुणाचा दुष्टावा नव्हता. अन्नाला परब्रह्म मानणाऱ्या आणि दुष्काळ पाहिलेल्या माणसांना पानातले टाकणे पाप वाटते, ते स्वाभाविकच आहे. आपल्याकडे असे तरुण किती तरी असतील. त्यांच्यापैकी कुणावर दुर्दैवाने प्रसंग ओढवला आणि दवाखान्यात विचारले, “याला कसली ॲलर्जी होती का?” तर घरचे काय सांगतील? “नाही हो, लेकरू ठणठणीत होतं.” ते खोटे बोलणार नाहीत. त्यांच्या लेखी पित्त उठणे ही ॲलर्जी नव्हतीच.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्न आपल्या माणसांच्या भाषेत विचारला गेला पाहिजे. ॲलर्जी होती का, एवढे पुरेसे नाही. कोणता पदार्थ खाल्ल्यावर अंगावर गांधी उठायच्या? ओठ सुजायचे? घसा खाजायचा, उलट्या व्हायच्या, दम लागायचा? ताटातला कोणता जिन्नस तो नेहमी बाजूला काढून ठेवायचा? हे प्रश्न विचारले, तर आई उत्तर देईल. दुःखाने तिचे भान हरपलेले असले, तरी लेकराने पानात काय टाकले, ते आई विसरत नाही. २०११ च्या दुरुस्तीनंतर प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयांत समन्वयक नेमणे कायद्याने आवश्यक झाले आहे. घरच्यांशी बोलण्याचे नाजूक काम हेच लोक करतात. त्यांच्या हाती वऱ्हाडी माणसाला समजतील असे चार प्रश्न असावेत, ही मागणी काही अवाजवी नाही.

यावर काही आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की जगात मोजके रुग्ण, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? मेंदूमृत्यूची तपासणी चार डॉक्टरांचे मंडळ दोनदा करते आणि दोन तपासण्यांत किमान सहा तासांचे अंतर ठेवते. एवढी काटेकोर व्यवस्था जिथे आहे, तिथे चार प्रश्नांना दोन मिनिटे लागतात. रोग दुर्मिळ असला, तरी प्रतिबंध इतका स्वस्त असेल तर तो न करणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा गोष्टी छापल्या तर लोक अवयव द्यायला आणि घ्यायला घाबरतील. आधीच गैरसमज काय थोडे आहेत? दान दिलेल्या अवयवावाचून पुढचा जन्म अपुरा मिळतो म्हणतात. त्यात आता हे! मला वाटते, लपवून ठेवल्याने भीती वाढते, सांगितल्याने कमी होते. ज्याचे यकृत निकामी झाले आहे, त्याच्यासमोर मृत्यू उभा असतो. त्याला शेंगदाणा सोडून जगता येईल, यकृत सोडून जगता येणार नाही. वावडे असलेल्या दात्याचा अवयव नाकारावा, असे कुणीही म्हणू नये. तो अवश्य घ्यावा. फक्त जाणून घ्यावा.

तिसरी गोष्ट सिनेमावाल्यांची. हृदय बदलले की नायक दात्याच्या प्रेयसीला ओळखू लागतो, अशा कथा आपण पडद्यावर पाहतो. वावडे जाते म्हटल्यावर कुणी म्हणेल, बघा, स्वभावही जातच असेल! तसे नाही. इथे आत्मा नाही की आठवण नाही. डोळ्यांना दिसणार नाहीत अशा पेशी आणि त्यांनी तयार केलेले एक द्रव्य, एवढाच हा व्यवहार आहे. तो तपासता येतो, मोजता येतो. याच न्यायाने उलटही घडलेले आहे. अस्थिमज्जा बदलल्यानंतर एका मुलाचे शेंगदाण्याचे वावडे नाहीसे झाल्याची नोंद २००५ साली प्रसिद्ध झाली.

आपल्याकडे दानाचा आदर्श म्हणून दधीची ऋषींचे नाव घेतात. त्यांच्या अस्थींचे वज्र झाले. दधीचींना काय सोसत नव्हते, हे इंद्राला विचारावे लागले नाही, कारण वज्र जेवत नाही. आजचे दान मात्र जेवणाऱ्या माणसाच्या पोटात जाऊन बसते. घरी पाहुणा आला की आपण पहिल्यांदा विचारतो, “तिखट चालतं ना? उपवास तर नाही ना?” अवयव हाही एक पाहुणाच आहे, आणि तो कायमचा राहायला येतो. त्याचे पथ्यपाणी विचारून घेणे ही आपली जुनी रीतच आहे.

दाता कोण, हे अवयव घेणाऱ्याला सांगत नाहीत, आणि ते योग्यच आहे. दोन्ही घरांना त्यातच शांतता आहे. पण नाव न सांगताही ‘दात्याला शेंगदाणा सोसत नव्हता’ एवढे एक वाक्य कागदावर लिहिता येते. नाव गुप्त राहावे. वावडे गुप्त राहू नये. आणि घरी परतलेल्या रुग्णाच्या माणसांनी शेंगदाणा, तीळ, काजू, अंडी, मासे हे पदार्थ पुन्हा सुरू करताना आपल्या डॉक्टरांना विचारावे. गांधी उठल्या तर आमसूल चोळत बसू नये. श्वास लागला तर क्षणही न दवडता १०८ ला फोन करावा. अशा वेळी ॲड्रेनलिनचे इंजेक्शन जीव वाचवते. आणि अवयव टिकवणारी औषधे मात्र कुणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नयेत.

३ ऑगस्टला भारतीय अवयवदान दिन असतो. त्या दिवशी आपल्यापैकी पुष्कळजण संकल्पाचा अर्ज भरतील. भरावाच. पण अर्ज भरून घरी गेल्यावर आईजवळ बसून आणखी एक गोष्ट सांगून ठेवावी, मला काय सोसत नाही ते. आणि धाकट्या भावाने ताटातला लाडू बाजूला सारला, तर त्याला नखरेबाज म्हणण्यापूर्वी एकदा विचारावे, “का रे, खाल्ल्यावर काय होतं तुला?”